वणव्यानंतर मातीची परीक्षा

ओरत्तनाडूजवळच्या देवराईत वणवा पेटून विझला, तेव्हा तिची राखण करणाऱ्या तुळजाबाईंचा भाचा साईराम जेसीबी घेऊन आला.

“आत्या, सगळी राई मेली. उपटून नवी रोपे लावू.”

“अरे, नाडी न पाहताच तिरडी बांधतोस?”

त्यांनी कळशीतले पाणी ओतले. जेथे आग वरवर धावली होती, तेथे माती ते घटाघटा प्यायली. म्हणजे खाली मुळे जिवंत असणार. परंतु चिंचेखाली पाचोळा दिवसभर धुमसला होता. तेथे पाणी मुरेना. थेंब होऊन घरंगळले. त्यांनी पुन्हा ओतले. पुन्हा तेच. माती खोलवर भाजली होती. ही चिंच त्यांच्या आईने लावली होती.

“एवढी उपट,” त्या कष्टाने म्हणाल्या. “बाकी राईत चाक नेलेस, तर आधी माझ्यावरून जाईल.”

साईरामने जेसीबी चिंचेकडे वळवला.