दान दिलेली मोटार

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. एसटीत कंडक्टरकी करताना असली माणसं रोज भेटतात. टेकायला जागा मिळाली की यांचं तोंड सुरू होतं आणि तिकिटाचं राहून जातं. म्हणूनच सटवाजी मेस्त्रीची ही हकिगत मी कुणाला सांगितली नव्हती. पण त्या दुपारी मोटारीच्या मागच्या सीटवर मी स्वतः होतो, तेव्हा इतरांच्या नावानं खडे फोडून माझी सुटका नाही.

मानवतला स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या दोस्ताचं, सटवाजीचं गॅरेज होतं. ऑइल इंजिन असो, जीप असो, बंद पडलेलं काहीही आणा, तो आधी त्याला दोन शिव्या हासडायचा आणि मग हात लावायचा. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव नदीत सोडले, त्यांच्याबरोबर भुतांनाही रजा दिली, असं तो हसत सांगे.

चौऱ्याहत्तर साली त्याला वालूरहून मालनबाईचा सांगावा आला. मालनबाई मोठ्या जमीनदार घरातली विधवा. तिच्या नवऱ्यानं, दत्तरावानं, पोलीस अॅक्शननंतर गाव सोडून निघालेल्या एका जहागीरदाराकडून अमेरिकन शेवरोलेट घेतली होती. कापडी छत मागं गुंडाळून ठेवता येईल अशी, उघडी. ती चालवायचा त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रभान. एकदा त्याला कडक ताप भरला. गावात दुसऱ्या कुणाला मोटार येत नव्हती, म्हणून आईला शेजारी बसवून तो स्वतःच परभणीला डॉक्टरकडं निघाला. पेडगावच्या अलीकडं, मोटारीतच गेला.

आमच्याकडं मेलेल्याची बाज, जोडा, छत्री तेराव्याला देऊन टाकतात. घरात ठेवली तर तो त्यांच्यासाठी माघारी येतो म्हणतात. अख्खी मोटार दान घ्यायला कोण धजणार? मग मालनबाईनं ती तुकड्या-तुकड्यानं वाटली. कुणाला चाकं, कुणाला सीट, कुणाला आरसा. गोठ्यात कडब्याखाली नुसता सांगाडा आणि इंजिन उरलं.

"व्हती तशी करून दे," ती सटवाजीला म्हणाली. दत्तराव जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "दिलेलं समदं माघारी आलं की माझं लेकरू बी यील."

"बाई, मोटार यील. बाकीचं माझ्या हातात न्हाई," सटवाजी म्हणाला. तिनं त्याला ओसरीखाली उभं करून ओंजळीत वरून पाणी वाढलं. त्यानं ते प्यायलं नाही. पण मोटारीचं बॉनेट त्यानं उचललं आणि तिथंच त्याचा नाद लागला. तसलं इंजिन त्यानं उभ्या जन्मात उघडलं नव्हतं.

पार्ट मिळणं म्हणजे दैना होती. कंपनीचं काही इकडं कुठं येत नव्हतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी फुटली होती. ती सेलूच्या एका जिनिंगमध्ये सडत पडलेल्या लढाईच्या काळातल्या लॉरीला सापडली. कार्बोरेटरसाठी सटवाजी हैदराबादच्या भंगारात आठवडाभर काळा झाला. बाकीचं वालूरच्या आसपासच होतं, दान गेलेलं. टायर बैलगाडीला, हॉर्न दवंडीवाल्याकडं. मी ते सगळं बसच्या टपावर टाकून मानवतला पोचवलं आणि डेपोत बोलणी खाल्ली.

दान परत देताना लोक कुरकुरतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. मुंजाजी न्हाव्यानं आरसा मागायच्या आधीच काढून हातात दिला. "न्या बाबा. गिऱ्हाईक येक बसतंय आन् आरशात दोघं दिसतेत," म्हणाला. सिताराम हॉटेलवाल्याकडं मोटारीची पुढची सीट बाकडं म्हणून होती. तिच्या उजव्या कडेला कुणी बसत नसे. "ती जागा गरम लागती," सिताराम म्हणाला.

"चुलीजवळ ठिवली तर गरमच लागनार," सटवाजी म्हणाला. मी हसलो. सीट बसच्या टपावर चढवताना मात्र मी डावी बाजू धरली.

मोटार झाली. छताला मानवतच्या ताडपत्रीवाल्याकडून कापड शिवून आणलं. किल्ली फिरवल्यावर इंजिन असं लागलं की सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागच्या सीटवर बसलो. वालूरला नेली तेव्हा मालनबाई दारात तयार उभी होती. नवं लुगडं नेसून. कधी अंगाला अंग लागू न देणारी बाई सरळ येऊन सटवाजीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "परभनीच्या वाटंनं घे."

 पेडगावच्या अलीकडं एका लिंबाखाली तिनं थांबायला सांगितलं. "इंजिन बंद करू नको."

मग समोर बघत ती बोलू लागली. "हितंच त्यो म्हनला, जरा टेकतो, मंग निघू. स्टेरिंगच्या चाकावर डोकं ठिवलं. मला वाटलं, लेकराला झोप लागली. तापातलं लेकरू, झोप कशाला मोडायची? म्हून बसून राहिले. त्याल सरलं, इंजिन आपोआप बंद पडलं, तवा त्याला हात लावला. उठिवलं असतं तर जगला असता." तिनं सटवाजीकडं तोंड वळवलं. "तू तसं डोकं ठिव. मला येकडाव उठवू दे."

सटवाजीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तो आता भडकणार, असं मला वाटलं. त्यानं निमूट चाकावर डोकं ठेवलं, डोळे मिटले. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलवलं.

"ऊठ रं चंद्रभान. उशीर व्हायलाय."

 नुसतं इंजिन चालू होतं. तिनं पुन्हा हलवलं, जोरानं.

"उठलो, जिजी," सटवाजी म्हणाला.

मालनबाईचा हात तिथंच थांबला. तिला गाव पाटलीणबाई म्हणायचा, आम्ही बाई म्हणायचो. "जिजी फकस्त त्योच म्हनायचा," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तेराव्यालाही न रडलेली बाई, असं गावात सांगत. मी भ्यालो होतो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ज्याचं त्याला परत द्यायला सांगितलं. सटवाजीनं स्वतःच्या हातांनी मोटार उकलली, दारोदार पार्ट पोचवले. जिजी हे नाव कुठून काढलंस, असं मी त्याला विचारलं. "आयकलं आसंल कुटंतरी," तो म्हणाला. मला ते पटवून घ्यायचं होतं, मी पटवून घेतलं. मालनबाईला त्यानंतर शांत झोप लागू लागली, असं वालूरचे लोक सांगत.

पण परवा सटवाजीची बायको पार्वतीबाई बसमध्ये भेटली. म्हणाली, "भाऊ, तवापासून रोज सकाळी ह्यास्नी हलवून उठवलं की डोळं उघडायच्या आदी इचारतेत, परभनी आली का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सुरवातीला न्हाई म्हनत व्हते. तर उठतच नव्हते," ती म्हणाली. "आता आली म्हनते."