हं ऐकू येणारा हेडसेट

आमच्या दाजींइतका बोलणारा माणूस भोकरदन तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतकं समोर न बघता मोटारसायकल चालवणारा तर अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल. दोन्हींचं मूळ एकच. दाजींना हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला "हं" म्हटलं नाही, तर पुढचं वाक्य त्यांच्या घशातच अडकतं. एकदा फोनवर मी घोटभर पाणी प्यायलो, तर फोन कटला असं समजून त्यांनी पुन्हा लावला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. गाडीवर मागं बसलेल्या माझ्या आक्काचा "हं" वाऱ्यात उडून जायचा. मग दाजी तो शोधायला मान वळवायचे आणि गाडीही त्यांच्या मानेबरोबर वळायची.

दर मंगळवारी दोघं धावड्याहून पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला जातात, लग्नापासूनचा नेम आहे. मागच्या वर्षी अशीच मान वळली आणि दोघं गाडीसकट मक्यात गेले. लागलं फारसं नाही, पण आक्कानं लुगड्याची माती झटकत सांगून टाकलं की यापुढं मी तुमच्या मागं बसणार नाही. पुढचे दोन मंगळवार दाजी एकटेच गेले आणि घरी येऊन न जेवता झोपले. मला फोनवर म्हणाले, "पाव्हणं, देवीपुढं एकट्यानं हात जोडायला लाज वाटून राह्यली." एरवी मी त्यांची चेष्टा करतो, त्या दिवशी जमलं नाही.

म्हणून मी दोघांना जालन्याला बोलावून हेल्मेटच्या दुकानात नेलं, चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलता येणारा, हेल्मेटात बसवायचा हेडसेट घ्यायला. दाजींनी बॅटरी विचारली नाही, गाणी विचारली नाहीत. आक्काला हेल्मेट घालून बाहेर रिक्षांच्या गर्दीत उभं केलं आणि स्वतः दुसरं घालून आत स्टुलावर बसून मिरचीच्या भावाची कथा सुरू केली. शेठजींनी सगळ्यात भारी हेडसेट लावून दिला होता. तो बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो म्हणाले. खरंच टाकला, सोबत आक्काचा "हं"ही गाळून टाकला. दाजींनी हेल्मेट काढलं. "शेठ, यंत्र लई हुशार हाय, पण आमच्या हिचं बोलणं त्याला गोंगाटच वाटून राह्यलं." असे चार झाले. पाचवा अगदी साधा होता. त्यातून हॉर्न, वारा, भाजीवाला, सगळंच आत येत होतं, आणि त्यातूनच आक्काचा बारीक "हं". दाजी स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "हाच."

पुढच्या मंगळवारी आक्का कुरकुरतच मागं बसली. मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागोमाग गेलो. सबंध रस्ता दाजींची मान एकदाही वळली नाही. देवळापाशी आक्का ओटीचं सामान घ्यायला गेली, तेव्हा मी दाजींना विचारलं की आज कोणती गोष्ट सांगितली. ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.

"मी कुठं बोललो? हीच बोलून राह्यल्ती. तिच्या आईचं, हिरीवरच्या जांभळीचं, काय काय. तीस वर्षं मागं बसून हिला एवढं बोलायचं होतं, मला ऐकूच आलं न्हाई."

आक्काचा सख्खा भाऊ असून मलाही ती जांभूळ आठवत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

"मंग तुम्ही काय केलं?"

"हं म्हणत गेलो."

परतीलाही मी मागंच होतो. आक्काचे हात हलत होते आणि दाजींचं हेल्मेट थोड्या थोड्या वेळानं हळूच खालीवर होत होतं.