तळघरातली मेणबत्ती

इडलीचं पीठ आंबल्याचा वास आला की मला युरोपातल्या लिम्बुर्ग प्रांतातल्या एका खेड्यातलं, वीस वर्षांपूर्वीचं ते वाइनचं तळघर आठवतं. पिंपांत द्राक्षरस आंबत होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेली मेणबत्ती अचानक विझली. शेजारीच आमची तीन वर्षांची सई बुचं रचत बसली होती.

"अहो, दिवा असा जाऊ नये. परत लावा बघू," बायको म्हणाली. मी काडी ओढून वाकलो, तर वातीपर्यंत पोचण्याआधीच काडीही विझली.

"बाहेर! सगळे बाहेर!" पलीकडच्या पिंपाशी उभा असलेला मालक ओरडला आणि सईला उचलून पायऱ्यांकडे धावला. रस आंबताना निघणारा जड, गुदमरवणारा वायू खाली साचतो, आणि मेणबत्ती इशाऱ्यासाठीच ठेवलेली असते, हे त्याने वर आल्यावर सांगितलं. आम्ही मात्र अपशकुन टाळत होतो.

त्याच्या खांद्यावर डोकं टेकून सई पुटपुटली, "बाबा, झोप येतेय."

नुकतीच तर ती झोपून उठली होती.