आधी काम, मग पोच

पोचवाले सर चालू मशीनची वायर सॉकेटमधून सरळ ओढायचे. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस बिचारा वेगाचे आकडे दाखवत असायचा, तेवढ्यात हे उठायचे आणि खाट्कन वायर हातात! स्क्रीन काळाठिक्कर. "आता परत चालू करा," ते शांतपणे म्हणायचे, "आणि सांगा, मघाचे किती निरोप शिल्लक राहिले." समोरच्याला घाम फुटायचा. मग सर त्याला स्वतः चहा आणून द्यायचे.

आमचं ऑफिस परळला, बंद गिरणीच्या जागेवरच्या टॉवरात. आम्ही पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर पुरवायचो. रिपोर्ट तयार झाला की त्याचा निरोप एका रांगेत जातो, दुसरा प्रोग्राम तो उचलतो आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर धाडतो. ती मधली रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. पहिलं सुसाट, पण वायर ओढली की सगळं विसरणारं. दुसरं एवढं अवाढव्य की त्यालाच सांभाळायला चार माणसं लागली असती. तिसरं संथ. ते निरोप डिस्कवर लिहून ठेवायचं आणि उचलणाऱ्याने काम झाल्याची पोच दिल्याशिवाय रांगेतून काढायचं नाही. सरांचा जीव या तिसऱ्यावर.

"आधी काम, मग पोच" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की आम्ही त्यांचं नावच पोचवाले पाडलं. हे सगळं त्यांच्या आईकडून आलेलं. वरळीच्या बीडीडी चाळीत ते वाढले. आई सरकारी हॉस्पिटलात आया. "लॅबचा कागद ती टेबलावर टाकून कधी यायची नाही," ते सांगायचे. "सिस्टर वाचून 'कळलं' म्हणाली की मगच हलायची. बाकीच्या आया हसायच्या तिला." सर स्वतःही तसेच. दर सहा डिसेंबरला रजा टाकून दादरला पाणी वाटायला उभे राहायचे, आणि समोरच्याने ग्लास नीट धरल्याशिवाय आपला हात सोडायचे नाहीत.

मी लालबागची, मालवणी घरातली. तोंडाला कुलूप कसं ते ठाऊक नाही. "सर, पुरे आता, मशीनला फेफरं येईल!" असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. "तू बडबडतेस फार, पण आकडा खोटा सांगत नाहीस," असं एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी आठवडाभर ताठ मानेने फिरत होते.

शेवटी तिसरंच ठरलं. पण वरच्या साहेबांना मीटिंगमध्ये वेग दाखवायचा होता. मी एक सेटिंग बदललं: निरोप उचलला रे उचलला की पोच, काम व्हायच्या आधीच. आकडे झरझर चढले, साहेब खूश. नंतर परत बदलायचं असं मी ठरवलं होतं, आणि विसरले. सिस्टिम चालू करायच्या आदल्या दिवशी सरांनी विचारलं, "वायर ओढून बघितलीस ना गं?"

"हो सर."

ओढली होती, पण महिन्यापूर्वी, सेटिंग बदलायच्या आधी. परत कोण करत बसणार! माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो उचलणारा प्रोग्राम मध्येच बंद पडला. हातात घेतलेले निरोप त्याच्याबरोबर गेले. पोच आधीच गेलेली, त्यामुळे रांगेतही काही उरलं नव्हतं. त्यातला एक निरोप भोईवाड्यातल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाचा होता. पोटॅशियम भयंकर वाढलेलं. डॉक्टरांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता तो माणूस कोसळला आणि गेला.

चौकशीत सरांनी सिस्टिममधल्या नोंदी उघडल्या. कोणता बदल कोणी केला ते तिथे नावानिशी असतं. त्यांनी माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "जबाबदार कोण?" साहेबांनी विचारलं. "सही माझी आहे," सर म्हणाले. साहेबांना तेवढं पुरलं. आणि मी, जगाशी भांडणारी मी, खाली मान घालून बसले. थू माझ्या जिंदगानीवर! सरांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

दीड वर्षाने ते खूप आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी वरळीला त्यांच्या घरी गेले. अंगावर मांस उरलं नव्हतं.

"सर, ते सेटिंग मी बदललं होतं."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो." त्यांना दम लागला. "पण मला सांगून काय? भोईवाड्याला जा."

"हो सर," मी म्हणाले, आणि गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. महिन्याभरात सर गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी सगळ्यांच्या मागे बसले, आणि तिथून उठून थेट भोईवाड्याला गेले.

दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं. हात पिठाचे होते. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मी सगळं सांगितलं, पहिल्या "हो सर"सकट.

"ते तुमचे सर आलेले," ती म्हणाली. "चूक माझी म्हणाले. मी काय नाही नाही ते बोलले त्यांना. तळतळाट दिला. खाली बघून ऐकून घेतलं सगळं. आहेत कुठे ते?"

"वारले."

तिने पिठाचे हात पदराला पुसले.

"कळलं," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.