एकशेवीस बाय ऐंशी

गेल्या आठवड्यात दर्यापूरला गेले ती ठणठणीत बाई म्हणून, आणि परतले ती पेशंट होऊन. धक्का अजून ओसरलेला नाही...

माझी भाची वर्षा तिथल्या एका शाळेत नववी-दहावीला हेल्थकेअर शिकवते. हो, शाळेतच! आता म्हणे मुलांना असा एखादा कामाचा विषय निवडता येतो. आमच्या अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये निवड वगैरे नव्हतीच... मुलींना भरतकाम, विषय संपला.

प्रॅक्टिकलला बीपी मोजून घ्यायला कुणीतरी हवं होतं. "मावशी, तूच ये. तुला ना बीपी, ना शुगर." मीही ऐटीत एसटीनं गेले.

एकेक मूल येई, दंडाला पट्टा बांधी, कानाला स्टेथोस्कोप लावी, आकडा लिही. पहिल्या तिघांनी लिहिलं, १२०/८०. मला काय बरं वाटलं!

चौथी रेणुका. घरचे भाजी पिकवून बाजारात विकतात. हिला नर्स व्हायचंय, पण या विषयात चांगले मार्क पडले तरच पुढे शिकवणार, असं वडिलांनी बजावलेलं... हे वर्षानं मला आधीच सांगितलं होतं.

तिनं मोजलं. चेहरा उतरला. "हात ढिला सोडा बरं, मॅडम." थांबून पुन्हा मोजलं, आणि लिहिलं... १८४/११०.

मला इतकी दया आली! परीक्षक पलीकडे तोंडी प्रश्न विचारत होते. मी हळूच म्हटलं, "बाळा, चुकलं बघ. एकशेवीस बाय ऐंशी लिही."

"नाही मॅडम. मले ठोके एकशे चौऱ्याऐंशीपासूनच ऐकू येऊन राहिले."

"अगं, मार्क जातील..."

"जाऊ द्या. आई म्हनते, काट्यावर दिसते तेच सांगा लागते." डोळे भरले होते पोरीचे. आकडा मात्र खोडला नाही.

परीक्षकांनी कागद पाहिला. "सगळ्यांचं एकशेवीस, तुझंच कसं वेगळं?" मग त्यांनी स्वतः मोजलं. दुसऱ्या हातावरही मोजलं.

"मॅडम, आज गोळी नाही घेतली का?"

"कुठली गोळी?" मी हसत विचारलं. ते हसले नाहीत.

रेणुकाच्या कागदावर त्यांनी सही केली आणि त्या तिघांना पुन्हा मोजायला बोलावलं. वर्षा मला घाईनं डॉक्टरकडे घेऊन निघाली, तर गेटपर्यंत पाण्याची बाटली घेऊन रेणुका मागे आली.

"मॅडम, तुमी मले एकशेवीस लिहायले कावून सांगत होत्या?"

रागानं नाही... मी तसं का सांगत होते, ते तिला खरंच कळत नव्हतं. मी बाटली घेतली आणि वर्षाच्या मागे निघाले.

डॉक्टरांकडेही आकडा जवळपास तोच. शेवटचं बीपी कधी मोजलं होतं, विचारलं. मला आठवेना.

पण मी मात्र तेव्हापासून शाळेतल्या एका ट्रे-क्लॉथचाच विचार करते आहे. भरतकामात माझा पहिला नंबर आला होता. सिस्टरनी तो वर्गासमोर उंच धरला होता, मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या... तो माझ्या आत्यानं भरून दिला होता. हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे.

रेणुका, तू विचारलंस ना, त्याचं उत्तर हे. आणि सकाळची गोळी रोज तुझं नाव घेऊन घेते आहे, बाळा.