पातीची गोष्ट

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. पण पुण्याहून आलेली ती मुलगी बांधावर उभी राहून प्रश्न विचारत बसली नाही, आमच्याबरोबर सोयाबीन निंदायला बसली. शेतकऱ्याला फोनवरून मजूर बाया मिळाव्यात असं काहीतरी तिची कंपनी बनवत होती. आमचं काम समजून घ्यायचं आणि बनवणाऱ्यांना सांगायचं, ही तिची नोकरी. दुपारी ती आमच्यातलीच भाकर खायची. संध्याकाळी दिग्रसच्या बसमध्ये बसेपर्यंत मला मावशी म्हणायची.

माझ्या मोठ्या जावेचे गुडघे गेलेत. निंदताना प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या ओळींची एक पात येते, तिची मागं राहते. मग ज्यांची आधी संपते त्या समोरून तिची पात धरतात आणि सगळ्या सोबतच उठतात. शेतकऱ्याला हे कधी कळू दिलं नाही. मुलीनं मात्र पाहिलं आणि विचारलं. बाया माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं, सांगा, पोर आपली आहे. तीही म्हणाली, तुम्हाला विचारल्याशिवाय पुढं काही देणार नाही.

यंदा ते फोनवर आलं. त्यात प्रत्येकीची पात किती झाली ते वेगळं दिसतं. शेतकऱ्यानं जावेला बोलावणं बंद केलं.

जाऊ भांडली नाही. अंगणात भांडी घासताना एवढंच म्हणाली, "माह्या पातीची गोष्ट तू तिले कायले सांगू देली?"

तेव्हापासून ती चहाला हाक मारत नाही. आमचं अंगण एकच आहे.

परवा मुलीचा फोन आला. बाया एकमेकींची पात धरतात, हे कौतुक म्हणून तिनं कंपनीत वर सांगितलं होतं, त्यांनी त्याचं भलतंच केलं. काढून टाका म्हणून ती भांडली, कोणी ऐकलं नाही. "मावशी, तेव्हाच यायला हवं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली." ती रडत होती. मला रागावताही आलं नाही. आली असती तर बायांनी तिला बोल लावले असते, पण बसायला पोतंही टाकलं असतं.

काकूंना फोन द्या, म्हणाली. जावेला ती काकू म्हणायची. मी अंगण ओलांडून गेले. जाऊ तूर पाखडत होती. मी फोन पुढं केला, तिनं सूप थांबवलं नाही.

"म्हण, घरी नाही."

सुपाचा आवाज फोनमध्ये जातच होता. मी म्हटलं, घरी नाहीत.

मुलगी म्हणाली, बरं, नंतर करते.

कोणाचा फोन होता, हे जावेनं विचारलं नाही.