वंदनाकाकूंची बॅटरी आणि एकवीस दिवस

आमच्या शनिवारच्या टेबलावर लोक तक्रार घेऊन येतात. तक्रार कधी सुटते, कधी अडकते, पण किस्सा मात्र इथंच राहून जातो. तक्रारी लिहायला आणलेली वही किश्श्यांनीच मागच्या पानांकडून आधी भरली, ती अशी!

हे टेबल वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात असतं. मी बंगळूरला कायदा शिकून घरी परतले, ती ग्राहकांचे हक्क घरोघरी पोचवायचे असं ठरवूनच. सोबतीला मिळाले झाडेकाका, वीजखात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. आणि पहिल्याच महिन्यात आल्या वंदनाकाकू.

काकू घरामागच्या खोलीत मशीनवर गावरान कोंबडीची अंडी उबवतात. एकवीस दिवस मशीन गरम राहायला हवं. शेवटच्या एक-दोन दिवसांत तर पिल्लं कवचाआडून चिवचिवायला लागतात. गार पडलं की पिल्लं अंड्यातच मरतात. वीज जाते म्हणून त्यांनी छतावर सोलर आणि खोलीत बॅटरी बसवली. वॉरंटी पाच वर्षांची. पहिल्याच वर्षात बॅटरी तीनदा बसली, अंड्यांच्या दोन खेपा वाया गेल्या. रोहणा गावच्या बचत गटातल्या बायका पिल्लांची वाट बघत होत्या. आणखी एक खेप गेली तर मशीन विकून टाकायचं, असं काकूंनी ठरवलं होतं.

मी त्यांना वॉरंटी म्हणजे काय, सदोष वस्तू म्हणजे काय, कंपनी कुठलीही असली तरी तक्रार वर्ध्यातच कशी करता येते, हे सगळं पंधरा मिनिटं समजावलं. आवाजही चढला होता माझा!

काकूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "हे सगळं बराबर हाये बेटा. पण तुह्या कायद्यानं अंडे उबतीन काय?"

* * *

काकूंच्या घरी जाऊन कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात बॅटरीचा सीरियल नंबर विचारला. मी स्पीकर चालू करून फोन काकूंकडे दिला.

"नंबर दिसत नाई बाई."

"स्टिकर कुठे आहे, मॅडम?"

"हाये ना जागेवर. दसऱ्याले पूजा केली, तं त्याच्यावर स्वस्तिक हाये!"

घरातल्या सगळ्या अवजारांबरोबर बॅटरीचीही पूजा झाली होती. गंध ओलं करून लावलेलं, अंगठ्याएवढं जाड. पुसायला गेलो तर आकडेही पुसले जायला लागले. शेवटी तोच नंबर बिलावर सापडला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला झाडेकाका पहिलं वाक्य हेच सांगतात, "बिल जपून ठेवजो. पूजा बाजूच्या भिंतीची करजो!"

* * *

कंपनीचं पत्र आलं. "आमचे इंजिनीअर तीनदा येऊन गेले. तिन्ही सर्व्हिस रिपोर्टवर 'ग्राहक समाधानी' अशी सही आहे."

मी हबकले. "काकू, तुम्ही सही केली?"

"केली ना. त्यानं बॅटरी चालू करून देली होती."

"पण ती परत बसेल हे माहीत होतं ना?"

"होतं. पण तो तिन्ही वेळा जेवून उठला होता बेटा. पाटवडीचा रस्सा खाल्लेल्या माणसाले दारातून तक्रार सांगून कसं धाडाव?"

मी डोकं धरून बसले. पाच वर्षांच्या शिक्षणात रश्श्यावर एक धडा नव्हता!

झाडेकाका मात्र पत्र उलटसुलट बघत होते. "काऊन रडून राह्यली तू? कंपनीनं सोताच लिहून देलं ना, वर्षभरात तीनदा रिपेअर केली म्हणून. चांगली बॅटरी तीनदा रिपेअर कराव लागते काय?"

संपूर्ण केस त्या एका वाक्यात होती. वर्गात मी हेच शंभर पानांत वाचलं होतं. काकांच्या त्या वाक्याबद्दल मी अजूनही मनातल्या मनात हात जोडते.

* * *

बॅटरी किती वेळा बसली, त्याची नोंद हवी होती. काकूंकडे ती होती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेन्सिलनं. मी वाचायला लागले.

"अंडे ठेवले. बॅटरी बसली. जाऊबाई आल्या. बॅटरी बसली. जाऊबाई गेल्या. जाऊबाई परत आल्या. बॅटरी बसली."

झाडेकाकांनी चष्मा काढला. "वहिनी, हे असंच धाडलं तं कंपनी म्हणन, बॅटरीत काई दोष नाई, जाऊबाईची वॉरंटी आमच्याकडं नाई!"

* * *

मग कंपनीनं नवा मुद्दा काढला. बॅटरी मशीनच्या गरम खोलीत ठेवली, ही ग्राहकाची चूक, म्हणून वॉरंटी लागू नाही.

काकूंनी मोबाइल पुढे केला. बॅटरी बसवली त्या दिवशीचा फोटो. मागे अंड्यांचं मशीन, पुढे बॅटरी, तिच्यासमोर फोडलेला नारळ. आणि बॅटरीवर हात ठेवून, कपाळाला कुंकू लावून हसत उभा असलेला कंपनीचाच माणूस!

कंपनीला पाठवायच्या नोटिशीला तो फोटो जोडला. खाली एकच मागणी लिहिली. दुरुस्ती नको, बॅटरी बदलून द्या.

* * *

बदलून मिळाली. कायद्यामुळे मिळाली, असं मी सगळ्यांना छाती काढून सांगते. पण त्या दुपारी मी तिथं होते, म्हणून जे झालं तेही सांगायला हवं.

नोटिशीनंतर कंपनीनं पुन्हा इंजिनीअरच पाठवला. नेहमीचाच मुलगा, नेहमीचीच हत्यारांची पेटी. नव्या खेपेचा विसावा दिवस होता. थंडीचे दिवस, वीज गेलेली, बॅटरी चौथ्यांदा बसलेली. काकूंनी मशीनवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या.

"काकू, मला दुरुस्तीचीच ऑर्डर आहे," तो खाली बघत म्हणाला. "बदलायचं माझ्या हातात नाही."

मी नोटिशीची प्रत काढायला लागले. काकूंनी मला हातानंच थांबवलं. गोधडी थोडी वर केली, एक अंडं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"कानाले लाव."

त्यानं लावलं. पेटी खाली ठेवली. मग अंडं कानापासून न काढता दुसऱ्या हातानं ऑफिसला फोन लावला.

"सर, रिपेअर होणार नाही. नवीन पाठवा. हो, आजच."

पलीकडून साहेबांचा आवाज चढला. आम्हालाही ऐकू आला, "आजच? एवढी कसली घाई?"

त्यानं फोन अंड्याला लावून धरला.